भाचीला फार्मसीला जायचंय : डी.फार्म., बी.फार्म. की फार्म.डी.?

गोदाकाठ | १८ जून, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी,

भाची यंदा बारावी झाली, पीसीबी ग्रुप. नीटमध्ये सरकारी एमबीबीएस लागेल एवढे मार्क नाहीत, खासगीची फी झेपणारी नाही आणि रिपीट करायला ती स्वतःच तयार नाही. सीईटीचा स्कोअर बरा आहे. तिला फार्मसी करायची आहे. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मामा, मला केमिस्ट्री आवडते आणि गोळी पोटात गेल्यावर ती डोकेदुखीच्या जागी कशी पोचते हे कुणी नीट सांगतच नाही."

घरात मात्र तीन मतं आहेत. दाजींचा परभणीत बसस्टँडजवळ गाळा आहे. ते म्हणतात डी.फार्म. (दोन वर्षांची पदविका) कर, दोन वर्षांत मेडिकल टाकू. तिच्या काकांना फार्म.डी. (सहा वर्षांचा कोर्स) हवंय, कारण नावाआधी डॉक्टर लागेल. मला बी.फार्म. (चार वर्षांची पदवी) बरं वाटतं, पण आता तालुक्यातालुक्यात फार्मसी कॉलेज निघालंय आणि कुठलं खरं, कुठलं नुसतं बोर्डापुरतं, ते आम्हाला बाहेरून कळत नाही. घरात या क्षेत्रातलं कुणीच नाही.

इथे फार्मसीवाले बरेच आहेत हे माहीत आहे. मोकळेपणाने लिहा.

---

बोईसरकर | १८ जून, दुपारी १:०५

गोदाकाठ, भाचीने सांगितलेलं कारण मला फार आवडलं. ते कारण असेल तर बी.फार्म.

मी तारापूर पट्ट्यात एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. मुलांना वाटतं कंपनी म्हणजे मोठी यंत्रं आणि पांढरे कोट. माझा दिवस कसा जातो ते लिहितो, म्हणजे तिला अंदाज येईल.

गोळीचा नमुना आला की डिझोल्युशनला, म्हणजे गोळी किती विरघळते ते बघायच्या चाचणीला लावायचा. सहा काचेची भांडी, प्रत्येकात साधारण ९०० मिली द्रव, तापमान ३७ अंश, त्यात अर्ध्या अंशाचीच मुभा. प्रत्येक भांड्यात एक गोळी सोडायची, पॅडल फिरत राहतं आणि ठरलेल्या मिनिटाला ठरलेल्या उंचीवरून नमुना काढायचा. दहाव्या मिनिटाचा नमुना बाराव्या मिनिटाला काढून चालत नाही. मग तो एचपीएलसीवर (औषधाचं प्रमाण मोजणारं यंत्र) जातो आणि गोळीतलं किती टक्के औषध विरघळलं ते कळतं. आकडा मर्यादेबाहेर गेला की ओओएस, म्हणजे 'आउट ऑफ स्पेसिफिकेशन'. मग चौकशी : चूक माझ्या हातून झाली, यंत्राची होती की गोळीच खराब आहे? तोवर बॅच हलत नाही.

आणि लिहिणं! जे केलं ते त्याच वेळी लिहायचं. लिहिताना चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी सही, तारीख, कारण. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, चिठोऱ्यावर आकडा टिपून नंतर उतरवणं नाही. परदेशी ऑडिटर आला की तो आधी यंत्र बघत नाही, कचऱ्याच्या डब्यात फाडलेला कागद आहे का ते बघतो.

ज्याला या बारकाव्याची गोडी आहे त्याला हे काम पुरतं. ज्याला नाही त्याचा इथे दुसऱ्या वर्षी जीव गुदमरतो.

पगार : सुरुवातीला कमी, हे आधीच सांगतो. गावाकडून येऊन खोली घेऊन राहिलात तर पहिली एक-दोन वर्षं घरी फार काही पाठवता येत नाही. हात बसला, एचपीएलसीवर विश्वासाने काम देता येईल असं नाव झालं की मग उड्या बऱ्या पडतात.

---

मिरजमेडिकल | १८ जून, दुपारी ३:४०

माझं डी.फार्म. झालंय, मिरजेत स्वतःचं दुकान आहे. डी.फार्म.ला इथे कुणी कमी लेखू नये म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात एक म्हातारी आली. सोबत नातू, तो मोबाइलमध्ये. संधिवाताची चिठ्ठी होती. त्यात मेथोट्रेक्झेट आणि फॉलिक अॅसिड. मेथोट्रेक्झेट संधिवाताला आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर रक्तपेशी तयार होणं थांबतं, माणूस जातो. हे असे मृत्यू जगभर झालेत. चिठ्ठीत डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं, पण म्हातारीच्या डोक्यात एकच : गोळी सकाळी एक. मी तिला बाकावर बसवलं, "आजी, बाजार कुठल्या वारी असतो तुमच्याकडं?" "सोमवारी." मग मेथोट्रेक्झेटच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात 'फक्त सोमवार' लिहिलं, नातवाला मोबाइल खाली ठेवायला लावला आणि त्याच्याकडनं तीनदा वदवून घेतलं. एका वेळी चारच गोळ्या दिल्या. 

हे काम दुकानातल्या फार्मासिस्टचं. डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधला शेवटचा शिकलेला माणूस आम्ही असतो. फार्मसी कायदा, १९४८. त्याचं कलम ४२ सांगतं की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. आणि तरी कितीतरी दुकानांत भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि गल्ल्यावर दुसराच. सर्टिफिकेट भाड्याने देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. भाचीला दोन वर्षांनी कुणी ना कुणी विचारणारच, "ताई, नुसतं सर्टिफिकेट द्या, महिन्याला घरबसल्या पैसे." तिला आत्ताच सांगून ठेवा, नाही म्हणायचं.

आता दाजींसाठी हिशोब. सरकारी किंमत-नियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के. बाकीच्यांवर रिवाजाने २० टक्क्यांच्या आसपास. यात भाडं, वीज, फ्रीज, पोरांचा पगार, मुदत संपलेल्या मालाची डोकेदुखी. आणि समोर ऑनलाइनवाले आणि साखळी दुकानं १५-२० टक्के सूट देतात. गाळा स्वतःचा आहे ही जमेची मोठी बाजू, पण 'मेडिकल टाकलं की पैसा' हे दिवस गेले. बसस्टँडजवळ आधीच किती दुकानं आहेत ते दाजींनी एकदा चालत जाऊन मोजावं.

---

गोदाकाठ | १८ जून, संध्याकाळी ६:१५

मिरजमेडिकल, सोमवारचा प्रसंग घरात मोठ्याने वाचून दाखवला. भाची लगेच मेथोट्रेक्झेट काय आहे ते शोधत बसलीय.

एक प्रश्न : बी.फार्म. करून दुकान टाकता येतं का, की त्याला डी.फार्म.च लागतं?

---

मिरजमेडिकल | १८ जून, संध्याकाळी ६:३०

येतं की. बी.फार्म., फार्म.डी. कुणालाही राज्य फार्मसी कौन्सिलकडं नोंदणी करता येते. परवान्याला किमान १० चौरस मीटर जागा आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट. दुकानाचा रस्ता कुठल्याही कोर्सने बंद होत नाही.

---

खलबत्ता | १८ जून, रात्री ९:५०

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात फार्मास्युटिक्स शिकवते. जरा सविस्तर लिहिते.

मिरजमेडिकल यांनी शेवटी जे सांगितलं ते दाजींना समजावून सांगा, म्हणजे घरातलं अर्धं भांडण मिटेल. डी.फार्म. दोन वर्षांचं, त्यानंतर ५०० तासांचं प्रशिक्षण, परीक्षा आपल्याकडे तंत्रशिक्षण मंडळ घेतं. बी.फार्म. चार वर्षांचं, आठ सेमिस्टर, विद्यापीठाची पदवी. डी.फार्म. झाल्यावर थेट बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पण मग एकूण पाच वर्षं होतात. जिला बारावीनंतरच बी.फार्म. मिळतंय आणि जिची ओढ केमिस्ट्रीकडे आहे, तिने वळसा घालायचं कारण नाही. डी.फार्म. त्यांच्यासाठी उत्तम, ज्यांना लवकर कमावायला लागायचंय किंवा जिल्हा परिषदेत, आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी व्हायचंय. भरती निघते तेव्हा अर्ज भरपूर असतात, तरी ती नोकरी गावातल्या मुलीसाठी चांगलीच.

भाची पीसीबीची आहे, म्हणजे पहिल्या सेमिस्टरला तिला रेमेडिअल मॅथेमॅटिक्स असेल. लॉगरिदम, मॅट्रिक्स, कॅल्क्युलस, अगदी लाप्लास ट्रान्सफॉर्मपर्यंत. बायोलॉजीच्या मुली याला घाबरतात आणि कसंबसं पास होऊन विसरून जातात. ते करू नये. पुढे बायोफार्मास्युटिक्समध्ये औषध रक्तात किती चढलं, किती वेळाने निम्मं उतरलं हे सगळं लॉगरिदमवर चालतं. तिचा जो प्रश्न आहे ना, गोळी डोकेदुखीपर्यंत कशी जाते, त्याचं अर्धं उत्तर गणितात आहे. (उरलेलं असं की ती डोकेदुखीच्या जागी मुद्दाम जात नाही. ती रक्ताबरोबर सगळीकडे जाते आणि जिथे तिचा रिसेप्टर किंवा एन्झाइम सापडेल तिथे काम करते. साइड इफेक्ट होतात ते म्हणूनच.)

आता कॉलेज कसं निवडायचं. माझ्या मते कोर्सच्या नावापेक्षा हाच प्रश्न मोठा आहे.

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०२० पासून पाच वर्षं नवीन कॉलेजांना बंदी घालायचं ठरवलं होतं. संस्था कोर्टात गेल्या आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी बंदी नुसत्या प्रशासकीय ठरावाने घालता येत नाही. त्यानंतर कॉलेजांचं पीकच आलं. इमारत नवी, रंग ताजा, पण शिकवायला अनुभवी माणसं कुठून आणणार? काही नवी कॉलेजं मनापासून चालवली जातात, तीही मी पाहिली आहेत. पण पालकांनी डोळे उघडे ठेवून जावं.

पहिलं, कौन्सिलच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव आणि मान्यतेची स्थिती बघा. नव्या कॉलेजला आधी कोर्स चालवायची परवानगी मिळते. फार्मसी कायद्याच्या कलम १२ खालची मान्यता नंतर येते. ती नसेल तर पदवी हातात असूनही नोंदणी अडते.

दुसरं, कॉलेजात गेलात की प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा घेऊन परत येऊ नका. मशीन रूम दाखवा म्हणा. टॅब्लेट पंचिंग मशीन, डिझोल्युशन अॅपॅरेटस, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर. प्रत्येक यंत्राशेजारी वापराची नोंदवही असते. ती उघडून शेवटची तारीख बघा. तिच्याइतकं खरं माहितीपत्रकातलं एक पानही बोलत नाही.

तिसरं, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकटं गाठून विचारा, "गोळी स्वतःच्या हाताने काढलीस का? कडकपणा मोजलास? फ्रायबिलिटी केलीस?" फ्रायबिलिटीत गोळ्या एका ड्रममध्ये मिनिटाला २५ फेऱ्यांनी चार मिनिटं फिरवतात आणि वजनातली घट एक टक्क्याच्या आत लागते. ज्याने हे स्वतः केलंय तो हसत सांगेल. ज्याने फक्त जर्नल उतरवलंय तो तुमच्याकडे बघत राहील.

माझ्या वर्गातलं सांगते. पहिल्या वर्षाला इमल्शन करतात. तेल चार भाग, पाणी दोन भाग, डिंक एक भाग. कोरड्या खलात डिंक आणि तेल एकत्र करायचं, पाणी एकदम घालायचं आणि एकाच दिशेने भराभर घोटायचं. सुरुवातीला पिवळट, चिकट काहीतरी दिसतं. मग अचानक ते पांढरं होतं आणि खलातून चटचट आवाज यायला लागतो. तो आवाज आला की प्राथमिक इमल्शन झालं. खल ओला राहिला, दिशा बदलली, हात मंदावला की तेल सुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. हे पुस्तकातून येत नाही. वीस जणींच्या बॅचमध्ये पहिल्यांदा चार-पाच जणींचंच जमतं, आणि ज्यांचं नाही जमत त्या जेवणाची सुट्टी सोडून परत करतात. अशा मुली पुढे कुठेही गेल्या तरी चमकतात. कॉलेजने त्यांना दुसऱ्यांदा करायला तेल आणि डिंक दिला पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा.

---

रानवारा | १८ जून, रात्री १०:४०

खलबत्ता यांचं बरोबर आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. माझ्या धाकट्या भावाने बी.फार्म. केलं, कॉलेजचं नाव घेत नाही. चार वर्षांत प्रॅक्टिकलला यंत्र 'बंद आहे' एवढंच ऐकलं. इंडस्ट्रियल ट्रेनिंगचं प्रमाणपत्र कॉलेजनेच 'मॅनेज' करून दिलं. मुलाखतीत त्याला विचारलं पीएच मीटर कॅलिब्रेट कसा करतोस, तो गप्प. वर्षभर वणवण केली, आता बँकेत लागलाय. हुशार पोरगं होतं हो. कॉलेजच असं असेल तर या चार वर्षांना काय अर्थ? त्यापेक्षा बी.एस्सी. केमिस्ट्री करून एम.एस्सी. केलेलं काय वाईट?

---

खलबत्ता | १८ जून, रात्री ११:१०

रानवारा, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. अशा कॉलेजांमुळे आम्ही शिकवतो त्या मुलांनाही मुलाखतीत संशयाने बघतात.

सहाव्या सेमिस्टरनंतर १५० तासांचं प्रशिक्षण अभ्यासक्रमात आहे, चार आठवड्यांत पसरलेलं. ते खरंच करायचं, कंपनीत नाही मिळालं तर रुग्णालयात. गोदाकाठ, कॉलेज बघायला जाल तेव्हा मागच्या वर्षीची मुलं ट्रेनिंगला कुठे गेली ते विचारा आणि शक्य झालं तर त्यातल्या एखाद्याशी फोनवर बोला.

बी.एस्सी. केमिस्ट्री चांगलीच, कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये ती मुलंही असतात. पण त्या पदवीवर फार्मासिस्टची नोंदणी नाही आणि औषध निरीक्षकाची परीक्षा देता येत नाही.

---

निवृत्त_नाशिककर | १९ जून, सकाळी ७:३०

औषध निरीक्षकाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. अन्न व औषध प्रशासनात माझी नोकरी झाली. हे पद लोकसेवा आयोगामार्फत भरतात आणि त्याला फार्मसीची पदवी लागते, पदविका चालत नाही. जागा रोज निघत नाहीत. पण निघाल्या की तयारी असावी.

या धाग्यावरच्या तरुण मंडळींना १९८६ आठवत नसेल. त्या वर्षीच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. ते औद्योगिक वापराचं रसायन, मूत्रपिंडं निकामी करतं. दिसायला ग्लिसरॉलसारखंच : रंग नाही, दाट, चवीला गोडसर. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंत साखळीतला एकेक दुवा कसा ढिला होता ते उघडं केलं. आमच्या खात्यावरही त्यांनी कठोर ताशेरे ओढले आणि ते योग्यच होते.

हेच रसायन १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या पातळ औषधात विद्रावक म्हणून वापरलं गेलं आणि शंभरावर माणसं मेली. २०२२ मध्ये गांबियात मुलं दगावली तेव्हाही खोकल्याच्या औषधात हेच सापडलं. दर वेळी एक साधी तपासणी कुणीतरी केलेली नव्हती. कच्चा माल आला, पिंपावर लेबल बरोबर होतं, पुढे गेला.

बोईसरकर जे रोज करतात त्याचं मोल यात आहे. मुलीला सांगा, फार्मास्युटिकल अॅनालिसिस हा विषय मार्कांपुरता करू नकोस.

---

तिसरंवर्ष_पूर्ण | १९ जून, दुपारी १२:१५

मी आत्ताच बी.फार्म.चं तिसरं वर्ष संपवलं, मराठवाड्यातलीच आहे. गोदाकाठ मामा, तुमच्या भाचीसाठी थोडं.

पहिल्या वर्षी ह्यूमन अॅनाटॉमी बघून वाटतं सोपं आहे, दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिक येतं आणि खरी कसोटी लागते. मेडिसिनल केमिस्ट्रीच्या स्ट्रक्चर रोज दोन-तीन हाताने काढायच्या. परीक्षेच्या आठवड्यात पन्नास पाठ होत नाहीत. फार्माकॉग्नोसी, म्हणजे औषधी वनस्पतींचा अभ्यास, मला सगळ्यात जास्त आवडली. अडुळशाच्या पानाचा पातळ काप घ्यायचा, दालचिनीच्या सालीचा घ्यायचा, त्यावर फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की लिग्निन असलेला भाग गुलाबी-लाल होतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मैत्रिणीला ओढून आणलं होतं. फार्माकॉलॉजीत आता बेडूक-उंदरांवरचे बरेच प्रयोग संगणकावर होतात, त्यामुळे त्या भीतीने कुणी मागे सरू नये.

आणि फीचं : २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली आहे. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस प्रवर्ग, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, आणि प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून) हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर मिळत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला याचा फायदा झाला. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, तहसीलमध्ये या दिवसांत रांग असते.

---

वॉर्डराउंड | १९ जून, दुपारी ४:३०

फार्म.डी.बद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी पुण्यात एका रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे.

हा कोर्स आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झाला. पाच वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. कॉलेजला किमान ३०० खाटांचं रुग्णालय जोडलेलं लागतं. भर औषध बनवण्यावर नसतो, रुग्णावर असतो. उदाहरण देते. वॉरफॅरिनवर असलेला एक रुग्ण. रक्त पातळ राहावं म्हणून डोस वाढवत नेला तरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वर येईना. फाइल चाळली तर त्याला टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं होतं. रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइमं वाढवतं आणि वॉरफॅरिन लवकर मोडून पडतं. मी डॉक्टरांना दाखवलं. डोस त्याप्रमाणे बसवला आणि फाइलवर लाल शाईत नोंद केली : रिफॅम्पिसिन बंद होईल तेव्हा हाच डोस जास्त ठरेल, रक्तस्राव होऊ शकतो, आधी आयएनआर बघणे. हे काम मला जीव लावून करावंसं वाटतं.

पण भाचीच्या काकांना स्पष्ट सांगा : फार्म.डी. झालं म्हणून रुग्णाला औषध लिहून देता येत नाही. रुग्णालयांत या पदाच्या जागा अजून थोड्या आहेत आणि छोट्या शहरांत जवळजवळ नाहीतच. माझ्या बॅचमधल्या बऱ्याच जणी पुण्या-मुंबईत फार्माकोव्हिजिलन्समध्ये गेल्या. तिथे जगभरातून आलेल्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासून, कोड लावून पुढे पाठवायच्या असतात. महत्त्वाचं काम आहे, पण ते बी.फार्म.वाल्यांनाही मिळतं. वॉर्डात उभं राहायची ओढ असेल तरच सहा वर्षं द्या. भाचीची ओढ मला केमिस्ट्रीची वाटते.

---

आल्बर्टाकर | १९ जून, रात्री ११:५५

कॅनडातून. अमेरिकेचं आधी सांगतो कारण यात लोकांचे पैसे जातात. २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना अमेरिकेच्या फार्मासिस्ट परीक्षेसाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. चार वर्षांच्या बी.फार्म.वर ते दार उघडत नाही, फार्म.डी.वर उघडतं. कॅनडाला बी.फार्म. चालतं : आधी कागदपत्रांची छाननी, मग मूल्यमापन परीक्षा, मग पात्रता परीक्षा. त्यातल्या एका भागात समोर अभिनय करणारा रुग्ण बसवतात आणि तुम्ही त्याच्याशी कसं बोलता ते बघतात. मी तेवढ्या काळात दुकानात सहायक म्हणून काम केलं. वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

इथे आल्बर्टात जादा अधिकार मिळवलेला फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतो, २००७ पासून. रक्तदाबाचा रुग्ण माझ्याकडे येतो, मी तपासतो, डोस बदलतो. मिरजमेडिकल यांनी त्या आजींसाठी जे केलं ते इथे कागदोपत्री फार्मासिस्टची सेवा म्हणून मोजलं जातं. आपल्याकडेही व्हायला हवं.

पण परदेश डोळ्यांसमोर ठेवून अठराव्या वर्षी कोर्स निवडू नये. नियम मध्येच बदलतात.

---

बोईसरकर | २० जून, सकाळी ८:१०

एक राहिलं. पुढे शिकायचं असेल तर जीपॅट ही एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा द्यायची. एम.फार्म.ला जीपॅटवर प्रवेश घेतला की महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. नायपर म्हणून केंद्राच्या संस्था आहेत, पहिली मोहालीची, शिवाय अहमदाबाद, हैदराबाद वगैरे. त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी. आमच्या कंपनीत फॉर्म्युलेशन डेव्हलपमेंटला जे आहेत ते बहुतेक एम.फार्म.चेच. भाचीच्या डोक्यात जो प्रश्न आहे तो तिथे पगार घेऊन सोडवता येतो.

---

गोदाकाठ | २४ जून, रात्री ९:०५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दाजींना आणि काकांना हा धागा छापून दिला. दाजींनी खरंच बसस्टँड ते रेल्वे स्टेशन चालत जाऊन मेडिकलं मोजली आणि रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "शिकू दे तिला."

शनिवारी दोन कॉलेजं बघून आलो. खलबत्ता ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मशीन रूम मागितली. पहिल्या ठिकाणी किल्ली ज्यांच्याकडे ते सर रजेवर होते. दुसऱ्या ठिकाणची इमारत जुनी, पंखा कुरकुरत होता, पण लॅब असिस्टंट काकांनी स्वतः डिझोल्युशनची नोंदवही काढून दिली. शेवटची नोंद आदल्याच आठवड्याची. भाचीने पानं उलटून बघितली, तिथे रेघ मारून सही केलेल्या दुरुस्त्याही होत्या आणि तिने त्या मला दाखवल्या. तिथल्या एका मुलाला गोळी काढलीस का विचारलं, तर त्याने पहिल्यांदा गोळी फुटली ती का फुटली इथपासून सुरू केलं.

हे दुसरं कॉलेज पहिल्या पसंतीला टाकतोय. घरापासून लांब आहे, वसतिगृह बघावं लागेल. आता ऑप्शन फॉर्म भरताना काय सांभाळायचं?

---

तिसरंवर्ष_पूर्ण | २४ जून, रात्री ९:४०

मामा, भारी!

पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते आपोआप फ्रीज होतं, पुढच्या राउंडमध्ये बदलता येत नाही, म्हणून खरंच हवं तेच पहिलं टाका. फॉर्म नुसता सेव्ह करून भागत नाही, कन्फर्म करावाच लागतो. माझ्या वर्गमैत्रिणीचा पहिला राउंड असाच गेला. प्रवर्गातून भरत असाल तर जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर आत्ताच तयार ठेवा. सीट लागल्यावर मुदतीत फी किंवा सवलतीचे कागद भरून प्रवेश नक्की करा.

वसतिगृहाचं त्या कॉलेजच्या मुलींनाच विचारा, विशेषतः परीक्षेच्या दिवसांत रात्री अभ्यासिका उघडी असते का ते. आणि भाचीला माझा निरोप : सुट्टी आहे तोवर लॉगरिदम करून ठेव.

---

खलबत्ता | २४ जून, रात्री १०:२०

फुटलेल्या गोळीचं कारण सांगणारा विद्यार्थी जिथे आहे तिथे कुणीतरी नीट शिकवतंय. बिनधास्त टाका पहिलं.

जर्नलसाठी कोरी वही लागेल, अॅप्रन सुती घ्या, टेरिकॉटचा नको, बर्नरजवळ काम असतं. केस बांधून, पायात बंद बूट. बाकी पहिल्या इमल्शनला अडलं तर याच धाग्यावर लिहायला सांगा तिला.